जोडलेले जग, सुटण्याची सोय

१८५९ सालच्या २ सप्टेंबरला सकाळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतले निरीक्षक चुंबकमापकांवरचे आकडे टिपत होते. एरवी ही नोंद तासाला एकदा व्हायची. त्या दिवशी आकडे इतके अस्थिर झाले की पाच-पाच मिनिटांनी नोंदी घ्याव्या लागल्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक बघता बघता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला. मुंबईत त्याचे जे नेहमीचे मान असते, त्याच्या चार टक्क्यांच्या आसपासची ही घट. उपकरणांनी टिपलेल्या सर्वांत मोठ्या भूचुंबकीय वादळांत तिची गणना होते. आदल्याच दिवशी इंग्लंडमध्ये रेडहिल इथल्या आपल्या वेधशाळेत रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांची चित्रे काढत होता. डागांच्या एका मोठ्या समूहावर त्याला लख्ख पांढऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके उमटलेले दिसले आणि पाच मिनिटांत ते विझलेही. सूर्यावरच्या त्या स्फोटातून सुटलेला विद्युतभारित वायूचा प्रचंड लोट साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर येऊन आदळला. कुलाब्याची हस्तलिखित नोंद पुढे जवळपास दीडशे वर्षे जपली गेली आणि २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लाखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह तिच्या आधारे त्या वादळाची तीव्रता मांडली. मुंबईच्या बाजारपेठेत मात्र त्या दिवशी सूर्यामुळे काही अडले असेल असे मानायला जागा नाही. शहरात वीज नव्हती. पाणी विहिरी-तलावांतून येत होते आणि हिशेब वह्यांत लिहिला जात होता.

फटका बसला तो तारायंत्राला. त्या काळी शेकडो मैल पसरलेल्या धातूच्या तारा फक्त तारायंत्राच्या होत्या. युरोप-अमेरिकेतल्या तार कचेऱ्यांत यंत्रांतून ठिणग्या उडाल्या, ऑपरेटरांना झटके बसले, काही ठिकाणी कागद पेटले. बोस्टन आणि पोर्टलंड इथल्या ऑपरेटरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि तारांत आपोआप वाहू लागलेल्या विजेवर जवळपास दोन तास संदेशांची देवाणघेवाण केली. यामागचे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवून दिले होते: चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो. सौरवादळात साऱ्या पृथ्वीचेच चुंबकीय क्षेत्र हलते, जमिनीत विद्युतदाब तयार होतो आणि तो प्रवाह सर्वांत सोपी वाट शोधतो. तार जितकी लांब, तितकी ती वाट सोयीची. वादळ पृथ्वीभर होते, पण उपद्रव झाला तो माणसाने जिथे तारा ओढल्या होत्या तिथेच.

सूर्य याहूनही मोठे आघात करू शकतो. जपानमधल्या फुसा मियाके यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जुन्या देवदारांच्या वर्षवलयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इसवी सन ७७४-७७५ च्या वलयात किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकदम वाढलेले त्यांना आढळले. सूर्याकडून आलेल्या कणांचा तो वर्षाव उपकरणांनी आजवर टिपलेल्या अशा कुठल्याही वर्षावापेक्षा कितीतरी पटींनी मोठा असावा, असे शास्त्रज्ञ आज मानतात. आपल्याकडे राष्ट्रकूटांचे राज्य होते आणि वेरूळचे कैलास लेणे घडले तोच हा सुमार. त्या घटनेने कुठे दुष्काळ पडला, राज्य बुडाले, व्यापार थांबला, अशी खूण सापडत नाही. ती आज झाडांच्या लाकडातून आणि ध्रुवांकडच्या बर्फातून वाचावी लागते. तीच घटना उद्या घडली तर उपग्रहांपासून विमानसेवेपर्यंत तिचा परिणाम जाणवेल. सूर्य बाराशे वर्षांपूर्वी होता तसाच आहे, बदल झाला तो आपल्या जगण्यात. तंत्रज्ञानाने येऊ शकणाऱ्या महासंकटाचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर सहसा अण्वस्त्रे, प्रयोगशाळेत घडवलेले विषाणू किंवा हाताबाहेर गेलेली यंत्रबुद्धी येते. ही भीती अनाठायी नाही. पण त्याहून शांतपणे वाढणारा एक धोका आहे आणि त्यासाठी कुणाचा दुष्ट हेतू लागत नाही. आपण एकमेकांवर अवलंबून असलेल्या यंत्रणा जोडत जातो, जोडताना जुनी पर्यायी सोय मोडीत काढतो, आणि त्यामुळे पूर्वी ज्या आघाताची कुणी दखलही घेतली नसती तो संस्कृतीला हादरवू शकेल अशी परिस्थिती स्वतःच तयार करतो.

हा बदल किती झपाट्याने झाला, याचा पुरावा पुन्हा कुलाब्यातच मिळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवरची ट्राम आणायचे ठरले. ट्रामच्या विजेमुळे नाजूक चुंबकीय मोजमापे बिघडणार, हे कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. म्हणून १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला लोखंडाचा वापर टाळून नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली आणि तिथली नोंद आजही चालू आहे. निसर्गाचे चुंबकीय क्षेत्र मोजायला शहरात जागा उरू नये, इतकी वीज मुंबईत येणार होती. पुढच्या शंभर वर्षांत जगभर हेच झाले. तारायंत्राच्या तारांची जागा हजारो किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिन्यांनी घेतली आणि त्या वाहिन्यांच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर आले. हे ट्रान्सफॉर्मर सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळा दिशा बदलणाऱ्या विजेसाठी बनवलेले असतात. सौरवादळात जमिनीतून त्यांच्यात शिरणारा प्रवाह मात्र मिनिटामिनिटाला सावकाश बदलतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने तो जवळजवळ एकाच दिशेचा असतो. त्याने आतला लोखंडी गाभा चुंबकत्वाने भरून जातो, ट्रान्सफॉर्मर तापतो, विजेचा आकार बिघडतो आणि आसपासची संरक्षक उपकरणे गोंधळून वाहिन्या तोडू लागतात.

१३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडातल्या क्युबेक प्रांताने हे अनुभवले. तिथल्या विजेचा मोठा हिस्सा उत्तरेकडे जेम्स बे भागातल्या जलविद्युत केंद्रांत तयार होतो आणि सुमारे हजार किलोमीटरच्या ७३५ किलोव्होल्ट वाहिन्यांवरून माँट्रियलकडे येतो. त्या भागाखालचा प्राचीन कठीण खडक वीज सहजी वाहू देत नाही, त्यामुळे वादळाने निर्माण झालेल्या प्रवाहाला वर उभ्या असलेल्या वाहिन्यांचीच वाट मिळाली. वाहिन्यांवरचा दाब स्थिर ठेवणारी सात उपकरणे एकामागोमाग एक बंद पडली. पहिले बंद पडल्यापासून दीड मिनिटात संपूर्ण प्रांताची ग्रिड कोसळली. साठ लाख लोक कडाक्याच्या थंडीत नऊ तास विजेविना राहिले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेलम अणुवीज केंद्राचा एक प्रचंड ट्रान्सफॉर्मर त्याच वादळात निकामी झाला. हे वादळ १८५९ च्या मानाने बरेच लहान होते. आणि त्या दीड मिनिटात कुठलाही माणूस काही ठरवू शकत नव्हता. नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्याला काय घडतेय हे कळायच्या आतच सारे घडून गेले होते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी थ्री माइल आयलंड अणुकेंद्रातल्या अपघातानंतर १९८४ मध्ये एक सिद्धान्त मांडला. जी यंत्रणा गुंतागुंतीची आहे आणि जिचे भाग एकमेकांना घट्ट जखडलेले आहेत, तिच्यात मोठा अपघात हा अपवाद नसून तिच्या रचनेतच असतो, असे त्यांचे म्हणणे. भारताने याचा पडताळा ३० आणि ३१ जुलै २०१२ ला घेतला. मध्य प्रदेशातल्या बीना आणि ग्वाल्हेर यांच्यामधल्या वाहिनीवर ताण वाढून ती तुटली. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला आणि त्याही तुटल्या. पहिल्या दिवशी उत्तरेची ग्रिड कोसळली, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही. साठ कोटींहून अधिक लोकांचा प्रदेश अंधारात गेला, रेल्वेगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, पश्चिम बंगालमधल्या कोळसा खाणींत शेकडो कामगार अडकून पडले. सूर्याचा यात काही संबंध नव्हता. पण या घटनेतला फारसा सांगितला न जाणारा भाग महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पश्चिम विभागाची ग्रिड त्या क्षणी कोसळणाऱ्या विभागांपासून सुटी झाली आणि म्हणून शाबूत राहिली. दक्षिणेची ग्रिड तर तेव्हा इतरांशी वेगळ्या पद्धतीने, केवळ सैलपणे जोडलेली होती, म्हणून तीही वाचली. आणि बंद पडलेली वीजकेंद्रे पुन्हा चालू करायला जी सुरुवातीची वीज लागते, तिचा काही भाग याच शाबूत राहिलेल्या पश्चिमेकडून पुरवला गेला. जे सुटू शकले ते वाचले, आणि जे वाचले त्यांनी बाकीच्यांना उभे केले. जवळपास दीड वर्षाने, ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणही बाकीच्या देशाशी जोडली गेली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच तालावर चालणारी ग्रिड तयार झाली. त्याचे फायदे खरे आहेत: टंचाईच्या प्रांताला विपुलतेच्या प्रांतातून वीज मिळते, सौर आणि पवनऊर्जेला देशभरची बाजारपेठ मिळते. पण त्याबरोबर सुटण्याची सोय अधिक काळजीने बांधण्याची जबाबदारीही येते.

ही जबाबदारी विजेपाशी संपत नाही, कारण विजेवर आता बाकी सारे उभे आहे. मुंबईतल्या एखाद्या वीसमजली इमारतीची वीज दोन दिवस गेली असे धरू. लिफ्ट थांबते, हे सर्वांना दिसते. पण तळाच्या टाकीतले पाणी गच्चीवर चढवणारा पंपही थांबतो आणि काही तासांत नळ कोरडे पडतात. त्या तळाच्या टाकीत पाणी येईलच याचीही खात्री नाही. मुंबईचा तानसा तलाव १८९२ पासून उताराच्या जोरावर पाणी पाठवत आला आहे, पण आजच्या शहराला लागणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा भातसा नदीवर पिसे इथे उपसला जातो आणि पांजरापूरहून पंपांनी पुढे येतो. ते पंप विजेवर चालतात. मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात, मग जनरेटर लागतो, जनरेटरला डिझेल लागते, डिझेल पंपावरून काढायला पुन्हा वीज लागते आणि टँकर मागवायला फोन लागतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवरून आज महिन्याला हजार कोटींहून अधिक व्यवहार होतात. भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सुटे पैसे ठेवण्याची सवय मोडत चालली आहे. यातली प्रत्येक सुधारणा स्वतंत्रपणे पाहिली तर शहाणपणाचीच आहे. एकत्र पाहिल्यावर लक्षात येते की प्रत्येकीने दुसरीला आपला आधार मानले आहे आणि त्या साऱ्यांचा आधार एकच आहे.

काही आधार तर आपल्याला दिसतही नाहीत. जीपीएस म्हणजे नकाशावरचा निळा ठिपका, अशी आपली समजूत असते. खरे तर ही उपग्रहमाला जगाला वेळही पुरवते. मोबाइलचे जाळे, विजेच्या ग्रिडची मोजमापे, शेअर बाजारातल्या व्यवहारांचा क्रम यांना सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत अचूक वेळ लागते आणि ती बहुतेक उपग्रहांकडून येते. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना झालेल्या तांत्रिक चुकीमुळे त्या वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या अवघ्या तेरापट फरक पडला. पापणी लवायला यापेक्षा हजारो पट वेळ लागतो. तरीही जगात अनेक ठिकाणी दूरसंचार कंपन्यांची यंत्रणा बारा तासांच्या आसपास अडखळत राहिली आणि ब्रिटनमधल्या डिजिटल रेडिओच्या प्रसारणातही व्यत्यय आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका मामुली भूचुंबकीय वादळाने वरचे वातावरण फुगले आणि नुकतेच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ जळून गेले. मे २०२४ मध्ये वीस वर्षांतले सर्वांत मोठे वादळ आले, तेव्हा लडाखमधल्या हानले इथून आकाशात लाल प्रकाश दिसला. अमेरिकेत ऐन पेरणीच्या हंगामात जीपीएसवर सरी आखणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. दोनच महिन्यांनी, १९ जुलै २०२४ ला, क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. लोकांनी त्यांची छायाचित्रे गंमत म्हणून पाठवली, पण त्यातला धडा गंभीर आहे. विमाने उडाली, कारण कोरे पास, पेन आणि ते कसे भरायचे हे ठाऊक असलेली माणसे अजून शिल्लक होती.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की तंत्रज्ञानाने माणूस जास्त सुरक्षित झाला आहे. तो खराच आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन हे भीषण वादळ आले, तेव्हा मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली, कारण उपग्रह आणि रडारच्या आधारे मिळालेल्या इशाऱ्यानंतर दहा लाखांच्या घरात लोकांना आधीच हलवण्यात आले होते. विजेशिवाय, लसींशिवाय, हवामान अंदाजाशिवाय जगणारा समाज अधिक सुखरूप होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण ओडिशाचे यश नुसत्या उपग्रहाचे नव्हते. मधल्या चौदा वर्षांत किनाऱ्यावर पक्क्या निवारा इमारती बांधल्या गेल्या, गावोगाव स्वयंसेवकांना शिकवले गेले, सराव घेतले गेले. फोन लागला नाही तरी दारोदार जाऊन सांगणारा माणूस त्या व्यवस्थेत होता. म्हणजे तंत्रज्ञानाने सुरक्षितता तिथे दिली जिथे ते बंद पडले तरी काम पुढे चालेल अशी तजवीज त्याच्या सोबत होती. माझा मुद्दा तंत्रज्ञानाच्या विरुद्ध नाही. तंत्रज्ञानामुळे नेहमीची छोटी संकटे कमी होतात आणि त्याच वेळी क्वचित येणाऱ्या मोठ्या संकटाची व्याप्ती वाढू शकते; या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. पहिली रोज अनुभवाला येते, म्हणून दुसरीकडे दुर्लक्ष होते.

दुसरा आक्षेप अतिशयोक्तीचा. यातही तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या २००८ मधल्या अहवालाने कॅरिंग्टनसारख्या वादळात पहिल्याच वर्षी एक ते दोन लाख कोटी डॉलरच्या नुकसानीचा अंदाज दिला होता. विमा क्षेत्रातल्या लॉइड्सच्या २०१३ मधल्या अहवालात अमेरिकेतले दोन ते चार कोटी लोक दोन आठवड्यांपासून ते वर्ष-दोन वर्षांपर्यंत विजेविना राहू शकतात असे म्हटले होते. उत्तर अमेरिकेतल्या वीज क्षेत्राच्या विश्वासार्हता संस्थेने मात्र २०१२ मध्ये वेगळे मत दिले: ट्रान्सफॉर्मर मोठ्या संख्येने जळण्याआधीच ग्रिड कोसळेल आणि त्यामुळे उपकरणे बरीचशी वाचतील. सौरवादळांचे अभ्यासक पीट रायली यांनी अशा वादळाची दर दशकाची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास काढली होती, नंतरच्या अभ्यासांनी ती त्याहून पुष्कळ खाली आणली. शिवाय भारत विषुववृत्ताजवळ असल्याने आपल्या वाहिन्यांना कॅनडाइतका धोका नाही. तरीही निर्धास्त होता येत नाही. २००३ च्या ऑक्टोबरमधल्या वादळानंतर दक्षिण आफ्रिकेतले अनेक मोठे ट्रान्सफॉर्मर खराब झाले, आणि तो देशही ध्रुवापासून दूरच आहे. २३ जुलै २०१२ ला सूर्यावरून कॅरिंग्टनच्या तोडीचा लोट निघाला आणि पृथ्वीच्या कक्षेतून पार झाला. तो आठ-नऊ दिवस आधी निघाला असता तर पृथ्वी त्याच्या वाटेत होती. पण सर्वांत महत्त्वाचे उत्तर असे, की सौरवादळ हे अनेक कारणांपैकी एक आहे. २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज विद्युतदाबाच्या गडबडीने गेली, कार्ड चालेनाशी झाली आणि लोक रोख पैसे व बॅटरीवरचे रेडिओ शोधू लागले. उद्याचे कारण सायबरहल्ला असेल, सदोष अपडेट असेल, महापूर असेल. नेमके कुठले, हे सांगता येत नाही. पण सुटण्याची आणि पुन्हा उभे राहण्याची सोय यांपैकी प्रत्येक वेळी कामी येते, म्हणून एका कारणाची शक्यता कमी निघाली तरी ती सोय वाया जात नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. राखीव ट्रान्सफॉर्मर, दुसरी वाहिनी, रिकामी ठेवलेली क्षमता यांवर खर्च करण्यापेक्षा ज्यांच्या घरी अजून धड वीज पोचत नाही त्यांना ती द्या, असे कुणी म्हणेल. हा प्रश्न न्यायाचा आहे आणि त्याला हलक्याने उत्तर देता येणार नाही. मात्र हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. मोठ्या उच्चदाब ट्रान्सफॉर्मरचे वजन शेकडो टनांत असते. तो दुकानात तयार मिळत नाही. मागणीनुसार बनवून, खास वाहनावरून आणून बसवायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो, आणि तो बनवायला लागणारे खास पोलाद जगात मोजक्याच कारखान्यांत होते. अशा वेळी हाताशी राखीव नग असणे आणि नसणे यांतला फरक काही दिवस आणि कित्येक महिने यांच्यातला असतो. शिवाय संकट श्रीमंत-गरिबांवर सारखे येत नाही. ज्याच्याकडे जनरेटर आहे, गाडी आहे, दुसऱ्या गावात घर आहे तो दोन आठवडे काढेल. रोज कमावून रोज खाणारा, डायलिसिसवर असलेला, टँकरच्या पाण्यावर जगणारा माणूस दोन दिवसही काढू शकणार नाही. राखीव सोय ही गरिबांच्या वाट्याची उधळपट्टी नाही, संकटात सर्वांत आधी गरिबालाच तिचा आधार लागतो. आणि बाजार ती आपणहून उभी करणार नाही. ज्या कंपनीने क्षमता राखून ठेवली तिचा खर्च दर वर्षीच्या ताळेबंदात दिसतो, तिच्यामुळे टळलेले संकट मात्र कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. म्हणून हा निर्णय नियामकांनी आणि सरकारांनी घ्यायचा असतो.

चौथा आक्षेप असा, की खरा धोका कुणीतरी जाणूनबुजून केलेल्या संहारात आहे. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी २०१९ मधल्या लेखात नेमकी हीच भीती मांडली: एखाद्या शोधाने प्रचंड विध्वंस इतका स्वस्त आणि सोपा होईल की मूठभर माणसेही संस्कृती उद्ध्वस्त करू शकतील. त्या धोक्यासाठी शस्त्रकरार, प्रयोगशाळांची शिस्त आणि संशोधनावरची देखरेख लागते, आणि त्याची जागा राखीव ट्रान्सफॉर्मर घेऊ शकत नाही. पण हल्लेखोराची ताकद नुसत्या त्याच्या शस्त्रावर ठरत नाही, समोरच्या समाजाच्या ठिसूळपणावरही ठरते. ज्या शहराचे पाणी, पैसा, औषधे आणि संदेश एकाच धाग्यावर टांगलेले आहेत, तिथे लहानसा घावही पुरेसा होतो. साथ असो की युद्ध, रुग्णालयाला वीज आणि पाणी लागतेच. त्यामुळे ठिसूळपणा कमी करण्याचा हा विचार संहार रोखण्याच्या विचाराला पूरक आहे.

मग करायचे काय? यातला काही भाग भारताने उत्तम केला आहे. २ सप्टेंबर २०२३ ला सुटलेले आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्याकडे पाहत आहे आणि त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली आहे. सूर्यावरचा लोट निघताना दिसला तर एक ते तीन दिवस हाती मिळतात. तो यानापाशी पोचल्यावर त्याची खरी ताकद कळते, पण तेव्हा पृथ्वीवर येऊन धडकायला साधारण पाऊण तासच उरलेला असतो. त्या वेळेत नियंत्रण कक्षात कुणी काय करायचे हे आधी ठरलेले आणि सराव केलेले नसेल, तर इशाऱ्याचा उपयोग नाही. मुंबईपुरता हा धडा मिळालेला आहे. बाहेरची ग्रिड कोसळली तर मुंबईने आपोआप सुटे व्हावे आणि स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालू राहावे, अशी योजना शहरासाठी कित्येक दशके होती आणि ती एकेकाळी अभिमानाने सांगितली जाई. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ती कसोटीला लागली आणि अपयशी ठरली. लोकल रुळांवरच थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली आणि काही भागांत वीज यायला रात्र झाली. दरम्यानच्या काळात शहराची मागणी वाढत गेली होती आणि शहरातली निर्मिती त्या मानाने मागे पडली होती. सुटण्याची सोय एकदा बांधून भागत नाही. ती शहराबरोबर वाढवावी लागते आणि वरचेवर तपासून पाहावी लागते.

म्हणून अपेक्षा माफक आणि ठोस ठेवता येतात. प्रत्येक वीजमंडळाने शून्यातून ग्रिड पुन्हा उभी करण्याचा सराव ठरलेल्या मुदतीत करावा आणि त्याचा निकाल जाहीर करावा. खोपोलीसारखी जुनी जलविद्युत केंद्रे, जी बाहेरच्या विजेविना चालू होऊ शकतात, त्यांचे मोल युनिटच्या दराने न ठरवता संकटातल्या उपयोगाने ठरवावे. पाणी उपसण्याच्या केंद्रांना आणि रुग्णालयांना किती दिवसांचे इंधन जवळ आहे हे सांगणे बंधनकारक असावे. वेळेसाठी फक्त उपग्रहांवर विसंबणाऱ्या यंत्रणांना जमिनीवरचे दुसरे घड्याळ असावे. रोख व्यवहार, कागदी नोंद आणि हाताने यंत्र चालवण्याचे शिक्षण ही मागासलेपणाची लक्षणे मानून हद्दपार करू नयेत. यांतले काहीही विज्ञानकथेतले नाही आणि कशासाठीही प्रगती थांबवावी लागत नाही. क्युबेकनेही १९८९ नंतर आपली वाहिन्यांची यंत्रणा सुधारली आणि त्यानंतरच्या वादळांत ती टिकली. मे २०२४ च्या वादळातही जगातल्या ग्रिड मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या, कारण मधल्या पस्तीस वर्षांत काही माणसांनी हे काम गांभीर्याने केले होते.

या कामाचे श्रेय कुणाला मिळत नाही, कारण न घडलेल्या संकटाची बातमी होत नाही. नव्या पुलाचे, नव्या ॲपचे, नव्या वाहिनीचे उद्घाटन होते. वापरावी न लागलेल्या राखीव यंत्राचे होत नाही. म्हणून ते नागरिकांनी मागावे लागते. आपल्या गावात, शहरात, राज्यात कुठलीही मोठी यंत्रणा उभी राहत असेल तेव्हा ती किती वेगवान आणि किती स्वस्त हे विचारले जातेच. त्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारण्याचा हक्क आपण बजावला पाहिजे: ही बंद पडली तर आणखी काय काय बंद पडेल, तिच्याविना किती दिवस निघतील, आणि ती पुन्हा चालू करणे कुणाला येते. ज्या योजनेच्या कागदपत्रांत या तीन प्रश्नांची उत्तरे नाहीत, तिची किंमत अजून पूर्ण मोजलेली नाही. ती किंमत आज थोडी थोडी भरायची की एखाद्या दिवशी सगळी एकदम, एवढीच निवड आपल्या हातात आहे, आणि ती करण्याची वेळ संकटाच्या आधीची आहे.